तिघांचा डाव

"जरा हळू धरा, सर. शिवण सैल आहे," छापखानेवाला म्हणाला. खुर्ची पुढे केलेली असूनही त्याला बसवत नव्हतं.

सरांनी पुस्तक खिडकीच्या उजेडात धरलं. पत्त्यांच्या खेळांचा इतिहास म्हटला की सरांचा शब्द शेवटचा. खोलीच्या चारही भिंती त्याच विषयाच्या पुस्तकांनी भरलेल्या. पाठीमागे लोक त्यांना 'हुकमाचा एक्का' म्हणत.

छापखानेवाला वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगत आला होता : चौघांचा डाव नंतर आला, आधी पत्ते तिघांतच वाटले जायचे. सर दर वेळी हसत. पुरावा आणा, ग्रंथात तुमच्या नावानं प्रकरण घालतो, म्हणत. तो ग्रंथ आता छापायला निघाला होता. आज नाही तर कधीच नाही.

तिघांच्या डावाचं हे जुनं पुस्तक कुठे मिळालं, असं सरांनी विचारलं. बंद पडलेल्या एका क्लबच्या रद्दीत, असं त्यानं सांगितलं.

सरांनी कागद हुंगला. पानाच्या मागून बोट फिरवून छपाईचा दाब चाचपला. भिंग लावून अक्षरांच्या कडा पाहिल्या. हा टाइप कधी बंद झाला, असा कागद कोण करायचं, हे छापखानेवाला न विचारताच भडाभडा सांगू लागला. सरांनी हातानंच त्याला थांबवलं.

वहिनी चहा घेऊन आल्या आणि नवऱ्याकडे बघतच राहिल्या.

"दाढ दुखली तरी यांचा चेहरा असा उतरत नाही, भाऊजी. यांच्याकडे नसलेलं काहीतरी तुम्हाला सापडलेलं दिसतंय."

सरांनी भिंग खाली ठेवलं.

"अस्सल आहे."

छापखानेवाल्याला आता खुर्ची लागली. एवढी वर्षं ऐकलेलं ते हसू एका शब्दानं पुसलं गेलं होतं. चहाला हात न लावता त्यानं विचारलं, मग प्रकरण माझ्या नावानं येणार ना?

सरांनी पुस्तक मिटून त्याच्याकडे सरकवलं. आवाज पुन्हा नेहमीचा झाला होता.

"अहो, याची प्रत माझ्याकडे कॉलेजात असल्यापासून आहे. तिघांचा डाव आधीचा, हे ग्रंथात मी केव्हाच लिहून टाकलंय. तुम्ही हिरमुसाल म्हणून बोललो नाही इतकंच."

"हीच आवृत्ती?"

"हीच. पान न् पान हेच."

वहिनी आत गेल्या. सरांची पापणीही लवली नाही.

छापखानेवाल्यानं पुस्तक फडक्यात गुंडाळलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. जिना उतरताना मात्र त्याला असं हसू फुटलं, की कठडा धरून उभं राहावं लागलं.

मागच्या महिन्यात जुन्या कोऱ्या कागदावर त्या पुस्तकाची एकच प्रत छापून झाल्यावर, जुळवलेले अक्षरांचे सगळे खिळे त्यानं स्वतःच्या हातानं सोडवून खणांत टाकले होते.