लाल पाटी

चौकात आता गाड्या थांबत नसत. चालकाविना धावणाऱ्या त्या गाड्या आपसांत ठरवून, वेग कमी न करता आरपार निघून जात. त्यामुळे पायी रस्ता ओलांडणं बंदच झालं होतं. गाडीत बसायला घाबरणाऱ्या दोघी बहिणी; कुमुद पलीकडच्या घरात आणि थोरली हेमलता अलीकडे. दोघी खिडकीतून नुसत्या हात हलवायच्या.

मग संग्रहालयाने शोभेसाठी चौकाच्या अलीकडच्या कडेला जुना सिग्नल उभा केला. उंच खांब, त्यावर लाल पाटी आणि ती हलवायला खाली दांडा. गाड्यांना ही खूण अजून कळत असेल का, या विचाराने हेमलताला चैन पडेना. एका सकाळी तिने जाऊन दांडा ओढला. पाटी आडवी झाली आणि सगळ्या गाड्या जागच्या जागी थांबल्या.

"कुमे, ये लवकर! दांडा सोडला की पाटी पडेल!"

कुमुद निघाली खरी, पण रस्त्याच्या मधोमध थबकली. गाड्यांतली माणसंही नवलाने खाली उतरली होती.

"अगं, काय झालं?"

"ताई, धरून ठेव जरा," कुमुद म्हणाली. "इथून कृष्णा नदी दिसतेय गं, किती वर्षांनी!"

हेमलताने दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला.