मोठा पिंजरा

गिनीपिगच्या जोडीसाठी मी लहान पिंजरा निवडला, तर बाबांनी नाक मुरडलं.

"अगो बाय, पाय कुठे पसरतील ते? तो मोठा घे."

"भोईवाड्यातल्या आपल्या एका खोलीत तो ठेवला, तर आपण राहायचं कुठे?"

"तुम्ही मायलेकी आत. मला गॅलरी आहेच!"

"वा! भाडेकरू ऐसपैस आणि मालक बाहेर!"

दुकानदारासकट सगळे हसलो. मोठाच घेतला.

दुसऱ्या दिवशी बाबा गॅलरीतल्या अंथरुणावरून उठलेच नाहीत. मी वयात आल्यापासून ते तिथेच झोपत. शेजारचे शामराव म्हणाले, "माणसं येतील, आत मावणार नाहीत. बाबांना इथेच राहू दे."

मी पिंजरा उचलून बाहेर ठेवला. मग इतक्या वर्षांत एकदाही न म्हटलेलं मोठ्याने म्हणाले, "बाबा, आत झोपा."