लख्ख दुकान

पूर ओसरला, तेव्हा शिंपीणकाकूंच्या दुकानात गुडघाभर गाळ साचला होता. कुठल्याशा संस्थेची पोरं फावडी घेऊन गल्लीत शिरली. त्यांनी दुकान धुऊन लख्ख केलं, कुजलेलं कापड उचलून नेलं आणि वर नवंकोरं शिलाई मशीनही दिलं. काकूंना रडूच आवरेना.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला सरकारी साहेब आले. फरशी बघून त्यांनी बूट बाहेरच काढले.

"काकू, नुकसान कुठंय?"

"झालं होतं हो! पोरांनी काल सगळं साफ केलं."

"मग मी लिहू काय? परवा पुन्हा येतो. दाखवण्यासारखं काही असलं तर बघा."

काकूंचं डोकंच चालेना. त्या पोरांना दुवा द्यावा की बोल लावावा? शेवटी पदर खोचून, बादली घेऊन त्या शेजारणीच्या दारात उभ्या राहिल्या.

"वहिनी, थोडा गाळ असला तर द्या ना. पंचनामा झाला की लगेच आणून देते."

"अहो, आमचा कुठला! हा पलीकडच्या मावशींकडून आणलाय. उद्या आमचं उरकलं की न्या. पण जपून वापरा हं, अख्ख्या गल्लीत एवढाच उरलाय."