तीन महिन्यांची तारीख

मनकर्णाच्या नाकातली कॅन्सरची काळी गाठ वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी काढली, मग नागपूरला महिनाभर किरणांचा शेकही झाला. तरी त्यांनी तिच्या नवऱ्याला, पुंडलिकरावांना बजावलं, "हा आजार फार उलटतो. दोन वर्षं निघाली तरी पुष्कळ. दर तीन महिन्यांनी दाखवायला आणाच."

दिवाळीलाही सुनेला माहेरी न धाडणारी सासू, आत्याबाई, तेव्हापासून तिला पुंडलिकरावांसोबत स्वतः अल्लीपूरहून वर्ध्याच्या मोटारीत बसवून देई. "जा वो, नाक दाखवून ये. नाईतर लोक म्हणतीन, सासूनंच मारली."

दवाखान्यामागच्या गल्लीतच मनकर्णाची माय राहायची. तिच्या कुशीत एक रात्र काढून मनकर्णा खुशीत परतायची.

अशी पाच वर्षं निघाली. "नाक एकदम साफ आहे. आता वर्षातून एकदाच या," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या. पुंडलिकराव पेढे आणायला धावले. मनकर्णाचा मात्र चेहरा पडला.

"बाई, कागदावर तीन महिनेच लिहा ना. नाईतर आत्याबाई मले मायकडे कायले धाडतीन?"


बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'दर तीन महिन्यांनी तपासणी. वर्ध्यात दोन रात्री मुक्काम आवश्यक.'