जिन्याची पायरी

"नवरीच आली जणू," इंदूअक्का मशीनमागून धुसफुसली. "आम्ही काय चोरवाटेनं आलो होतो?"

पोरी टिकत नाहीत म्हणून शिलाई कारखान्याच्या मालकीणबाईंनी नवी रीत काढली होती. नव्या पोरीला ओवाळलं, गजरा दिला, मशीनवर तिचं नाव चिकटवलं. अक्काला पहिल्या दिवशी कुणी पाणीही विचारलं नव्हतं. जिन्याच्या पायरीवर तिनं एकटीनं भाकरी खाल्ली होती. तो गजरा तिच्या डोळ्यांत सलत राहिला.

जेवणाच्या सुट्टीत ती हात धुवायला जिन्याकडे गेली, तर त्याच पायरीवर ती पोर. मांडीवर डबा, न उघडलेला.

"उद्या नाही यायची मी," पोर म्हणाली. "ओवाळल्यापासून कुणी बोललंच नाही माझ्याशी."

अक्काची नजर गजऱ्यावरून डब्यावर आली.

"ऊठ," ती करवादली. "ही जागा माझी आहे. तुझी आत, माझ्याशेजारी."