सूर्यमाशाचं ऊन

भर दुपारी विश्राम तांडेलांचे ओठ निळे पडत चालले, तशी शेवंती घाबरली. डोलकाठीवरून पडल्यापासून तिच्या नवऱ्याला मानेखालचं अंग कळत नव्हतं. पण कपाळावर डॉक्टरीणबाईंनी दिलेली पट्टी बांधली, की दूर समुद्रातल्या एका सूर्यमाशाचं अंग त्यांना स्वतःचं असल्यासारखं कळायचं. आज तो मासा जेलीफिशच्या मागे फार खोल, गार पाण्यात गेला होता.

"पट्टी काढते. तुम्ही गार पडलात."

"वायच थांब. तो वर येतलो."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, की या माशाच्या पूर्वजांना शेपूट होती. पिढ्यानपिढ्या ती झिजून गेली आणि आता नुसत्या वरच्या-खालच्या परांवर हे एवढं धूड समुद्र कापत जातं. ते ऐकलं त्या दिवसापासून विश्रामनी मरणाची भाषा सोडली होती.

शेवंतीने पट्टीला हात घातला, पण ओढवेना. मग हळूहळू त्यांच्या ओठांवर रंग येऊ लागला. मासा वर आला होता आणि अंगातली थंडी घालवायला लाटांवर आडवा झाला होता.

"कुशीवर ऊन लागतंय गो," ते डोळे मिटून म्हणाले. "पक्षी बसलेत. अंगावरचे किडे टिपतायत. गुदगुल्या होतायत."

शेवंती खाटेवर चढली आणि त्यांच्या कुशीला लागून निजली. तिची ऊब त्यांना कळणार नव्हती, हे तिला ठाऊक होतं.

थोड्या वेळाने ते पुटपुटले, "आता कुठे बरं ऊन लागलं."