माथ्याच्या दगडाखालचं सोनं

नळदुर्गजवळच्या एका ओढ्यावरील निजामकाळातल्या दगडी पुलाबद्दल शिवराजचा लेख रविवारी वर्तमानपत्रात आला. गुरुवारी पुलाची कमान कोसळली. लेखात सांगितलेली माथ्याच्या दगडाखालची सोन्याची मोहोर शोधायला कुणीतरी पहारी लावल्या होत्या. तो एक दगड निघाला की कमानीतला एकही दगड जागेवर राहत नाही, हेही लेखात लिहिलेलं होतं.

बातमी घ्यायला शिवराज पुन्हा गावात गेला, तेव्हा माणसं गजराबाईंना घेरून उभी होती. पुलाच्या कामावर गवंडी असलेल्या वडिलांच्या आठवणी त्यांनीच त्याला सांगितल्या होत्या.

"आज्जे, पुरानं न्हाय पडला, त्यो पूल तुझ्या तोंडानं पाडलास," एक जण म्हणाला. "आता पोरं शाळंला काय उडत जाणार?"

"म्हणं सोन्याची मोहोर ठिवली! हिच्या बापानं मोहोर बघितली तरी व्हती का?" दुसरा हसला.

गजराबाईंना वाचता येत नव्हतं. शिवराज दिसताच त्यांनी हात जोडले. "माफ करा, साहेब. बोलायच्या भरात सोनं म्हनून गेले आसंन. मला तर काय आठवंना. पर तुमी छापलंय, म्हंजी म्या म्हनलेच आसंन."

त्याच्या खिशातल्या मोबाइलमध्ये त्यांचा आवाज अजून होता: "माथ्याचा दगड बसवताना बापानं खाली हळकुंड आन् सुपारी ठिवली."

सगळे शिवराजकडं बघत होते. त्यानं खिशावर हात ठेवला.

"जाऊ द्या, आजी," तो म्हणाला, "वयामुळं होतं असं."